विहिरीवरच्या पेटीतले घड्याळ

श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यात विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करणारी पेटी आता नवलाची राहिलेली नाही. अशी पेटी स्वतः बनवायला घेतली, की विद्यार्थी मायक्रोकंट्रोलर, रिले, सेन्सर यांचा भरपूर विचार करतो आणि क्लॉकसाठी मात्र दुकानात मिळेल तो क्रिस्टल घेतो. नाहीतर दुसरे टोक गाठतो: हवी ती फ्रिक्वेन्सी देणारा प्रोग्रामेबल क्लॉक जनरेटर. माझ्या मते आधी विचारावे ते एवढेच, की या पेटीला किती चूक चालेल?

चूक मोजतात पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती. घड्याळात 1 पीपीएम म्हणजे दिवसाला 0.086 सेकंद. 20 पीपीएमचे घड्याळ महिन्याला सुमारे 52 सेकंद चुकते. मोटर पहाटे चारला सुरू करायची तर हे सहज चालते.

पण मे महिन्यात उन्हातली पत्र्याची पेटी आतून 60 अंशांवर गेली तर? वेळेसाठी वापरतात तो 32,768 हर्ट्झचा क्रिस्टल 25 अंशांना सर्वांत नेमका असतो. तिथून तापमान जितके दूर जाईल, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात तो मागे पडतो: साधारण 0.034 गुणिले फरकाचा वर्ग. 35 अंशांच्या फरकाला 42 पीपीएम, म्हणजे दिवसाला साडेतीन सेकंदांहून जास्त. आणि कडाक्याच्या थंडीतही तो मागेच पडतो, पुढे जात नाही. त्यामुळे उन्हाळ्याची चूक हिवाळ्यात भरून निघत नाही. हे नको असेल तर डीएस3231 सारखी तापमान पाहून स्वतःला दुरुस्त करणारी चिप घ्यावी. तिची हमी तापलेल्या पेटीतही 3.5 पीपीएमची आहे.

रेडिओचा हिशेब कडक असतो. शेतातला ओलाव्याचा सेन्सर 866 मेगाहर्ट्झच्या लोरा रेडिओवरून घराशी बोलतो असे धरू. इथे 1 पीपीएम म्हणजे 866 हर्ट्झ. दोन्ही टोके 20-20 पीपीएमने विरुद्ध दिशांना सरकली, तर अंतर पडते साडेचौतीस किलोहर्ट्झ. 125 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण पाव भाग, म्हणजे 31 किलोहर्ट्झ, चालतो. टेबलावर नीट चालणारा संच उन्हात मुका होतो, त्याचे एक कारण हे. दोन्हीकडे उष्णतेसकट 10 पीपीएमचे ऑसिलेटर घेतले की प्रश्न मिटतो.

आता प्रोग्रामेबलकडे वळू. एसआय5351ए ही स्वस्त, लोकप्रिय चिप. तिला 25 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल जोडायचा. आतले पीएलएल त्याला गुणून 600 ते 900 मेगाहर्ट्झपर्यंत चढवते आणि भाजक त्याला खाली उतरवतात. 25 गुणिले 32 म्हणजे 800. भागिले 50 म्हणजे 16 मेगाहर्ट्झ. भाजक सम पूर्णांक ठेवला तर ठोक्यांची थरथर, म्हणजे जिटर, सर्वांत कमी राहते. तीन वेगवेगळे क्लॉक एकाच चिपमधून मिळतात, ही मोठी सोय. पण मूळ क्रिस्टल 20 पीपीएम चुकला, तर तिन्ही क्लॉक तेवढेच चुकतात. फ्रिक्वेन्सी बदलता येते, म्हणून ती अचूक होत नाही.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याला लगेच पटेल. शेतीपंपाची वीज पाळीने येते-जाते. वीज गेली की ही चिप आपली मांडणी विसरते. परत आल्यावर मायक्रोकंट्रोलरने ती पुन्हा भरावी लागते. मायक्रोकंट्रोलरच तिच्या क्लॉकवर चालत असेल, तर त्याला जागे कोण करणार? म्हणून तो आधी स्वतःच्या आतल्या ऑसिलेटरवर सुरू व्हायला हवा. फ्रिक्वेन्सी कायमची ठरलेली असेल, तर एकदाच प्रोग्राम करून कायम लक्षात ठेवणारे मेम्स ऑसिलेटर बरे.

जिटरची चिंता आपल्या पेटीला नाही. ती करायची वेगवान सिग्नल मोजणाऱ्यांनी: 10 मेगाहर्ट्झचा सिग्नल मोजताना 10 पिकोसेकंदांची थरथर अचूकता साधारण 10 बिटांवर रोखते, मग एडीसी 16 बिटांचा का असेना. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना एकाच संदर्भ क्लॉकशी बांधलेल्या असतात, कारण तिथे सिग्नलच्या लहरी एकमेकींशी ताडायच्या असतात. तिथली काटेकोर गरज विहिरीवर आणण्याचे कारण नाही.

या पेटीसाठी माझी निवड अशी: मायक्रोकंट्रोलरला साधा क्रिस्टल, वेळेला डीएस3231, रेडिओला 10 पीपीएमचा ऑसिलेटर. क्लॉक जनरेटर तेव्हाच, जेव्हा फ्रिक्वेन्सी चालू असताना बदलायची असेल किंवा तीन विचित्र फ्रिक्वेन्सी एकाच पीसीबीवर लागतील. आणि पीसीबी बनवायला देण्याआधी जोडणी बंद पेटीत घालून एक दिवस भर उन्हात चालवून पाहा, मधे दोन-चारदा वीजही घालवा.