मे महिन्यातली हरळी

मार्च संपत आला की गोंदिया जिल्ह्यातल्या शाळांच्या आवारातली हिरवळ पिवळी पडू लागते. ‘रोज पाणी घालतो, तरी गवत का मरते?’ असा प्रश्न शिक्षक आम्हांला नेहमी विचारतात. एका शाळेला आम्ही स्वतःच चुकीचा सल्ला दिला होता: गवत बारीक कापा आणि रोज संध्याकाळी थोडे पाणी शिंपडा. एप्रिलपर्यंत हिरवळ सुरेख दिसली. मे महिन्यात विहीर आटली, पाणी थांबले आणि आठवड्याभरात सगळे करपले. खुरप्याने एक ढेकूळ उचलले तेव्हा कारण कळले. मुळे जेमतेम दोन बोटे खोल गेली होती. मात्र कुंपणाकडेची हरळी, जिला कोणी पाणी घातले नव्हते, तीही तशीच वाळलेली असून जूनच्या पहिल्या पावसानंतर हिरवी झाली. हे कसे घडले?

हरळी म्हणजेच दूर्वा. धानाच्या बांधीत ती शेतकऱ्याला नकोशी असते, पण धुऱ्यावर तीच माती धरून ठेवते. बांधीतला धान आणि धुऱ्यावरची हरळी ही दोन्ही गवताच्याच कुळातली. तरीही ऊन पेलण्याची त्यांची रीत वेगळी आहे.

प्रकाशसंश्लेषणासाठी पानाला कार्बन डायऑक्साइड हवा. तो आत घेण्यासाठी पर्णरंध्रे उघडावी लागतात आणि ती उघडली की पाण्याची वाफ बाहेर जाते. भर दुपारी पाणी वाचवायला रंध्रे मिटली, तर पानातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. अशा वेळी तो पकडणारे रुबिस्को हे विकर चुकून ऑक्सिजनच पकडू लागते आणि पानाने मिळवलेल्या कार्बनचा काही भाग वाया जातो. उष्णता वाढेल तशी ही चूकही वाढते. धानात हेच घडते.

हरळीच्या पानात ही चूक टाळण्याची सोय आहे. बाहेरच्या पेशींतले दुसरे विकर आधी कार्बन डायऑक्साइड पकडते; ते ऑक्सिजनला भुलत नाही. त्यातून चार कार्बन अणूंचे आम्ल बनते. ते शिरेभोवतीच्या पेशींच्या कड्यात पोचते आणि तिथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो. उतारावरचे पाणी बोडीत साठावे, तसा तो रुबिस्कोभोवती साठतो. म्हणून रंध्रे कमी उघडूनही काम भागते. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात उसाच्या पानात हा मार्ग उलगडला. मका, ज्वारी आणि हरळी यांतही तोच आहे. तेवढाच वाळलेला पाला तयार करायला अशा वनस्पतींना धान-गव्हासारख्यांच्या मानाने साधारण निम्मे पाणी पुरते.

पण जमिनीत ओलच उरली नाही, तर ही युक्तीही कामाची नाही. मग हरळी झोपी जाते. पाने वाळतात, जमिनीलगतच्या आणि जमिनीखालच्या आडव्या खोडांच्या पेऱ्यांतले डोळे मात्र जिवंत राहतात. वाळलेले गवत मेले असे समजणे हीच आपली पहिली चूक.

उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीतही हेच दिसते. युरोपातून नेलेली थंड हवेची गवते तिथल्या उन्हाळ्यात पाणी मागत राहतात, तर तिथले मूळचे बफेलो गवत हरळीसारखेच तगून राहते. फरक पावसाचा आहे. प्रेअरीत पाऊस कमी, पण त्यातला बराचसा वाढीच्या दिवसांत पडतो. गोंदियात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा हिरवळीची खरी मशागत पावसाळ्यातच करायला हवी.

आता पाण्याचा हिशेब मांडू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात दिवसाला ७ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर १००० चौरस मीटर हिरवळ हिरवी ठेवायला रोज ७००० लिटर पाणी लागेल. ग्रामीण नळयोजनेच्या माणशी ५५ लिटर या मापाने ते १२७ माणसांचे पाणी झाले. झोपलेल्या हरळीचे डोळे जगवायला मात्र तीन आठवड्यांतून एकदा १२ मिलिमीटर, म्हणजे १२,००० लिटर पुरे. रोजच्या हिशेबाने याच तीन आठवड्यांत १,४७,००० लिटर लागले असते.

मग करायचे काय? पाऊस स्थिरावला की तुडवून घट्ट झालेली जमीन वीतभर खणून मोकळी करावी, कुजलेले शेणखत मिसळावे आणि धुऱ्यावरच्याच हरळीचे दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे वीतभर अंतरावर लावावेत. पावसाळा संपल्यावर पाणी द्यायचेच तर क्वचित, पण खोल मुरेल असे द्यावे. ओल खाली गेली की मुळे तिच्यामागे जातात. कन्हारीसारख्या भारी जमिनीत पाणी सावकाश मुरते, म्हणून ते थांबून थांबून सोडावे. एका कापणीत उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, कारण पान कमी झाले की मुळांचे अन्नही कमी होते. फेब्रुवारीनंतर गवत थोडे उंचच राहू द्यावे. कापलेला पाला तिथेच पसरावा. दाट सावलीत हरळी धरत नाही. झाडाखाली पालापाचोळाच राहू द्यावा. आणि झोपलेल्या हरळीवर मुलांचे खेळ शक्यतो टाळावेत.

विद्यार्थ्यांसह एक प्रयोग करून पहा. मे महिन्यात वाळलेल्या हरळीची दोन ढेकळे कुंड्यांत ठेवा. एकीला पाणी द्या, दुसरीला देऊ नका. पहिलीत कोंब कितव्या दिवशी आणि नेमके कुठून फुटतात, ते रोज नोंदवा. मग दुसरीलाही पाणी द्या. मका आणि धान यांच्या पानांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी पाहिले, तर मक्यात शिरेभोवतीचे गडद हिरवे कडे ओळखता येईल.

त्या शाळेने पुढे कुंपणाकडची हरळीच मैदानभर लावली. मे महिन्यात ते मैदान आजही पिवळे दिसते. पाहुणे विचारतात, तेव्हा मुलेच उत्तर देतात, ‘मेलं नाही, झोपलंय.’