मागच्या काचेची कड

भर दुपारी पोलराइज्ड गॉगल घालून सिग्नलला थांबलात, तर पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर एक गंमत दिसते. काचभर ओळीनं मांडलेले ठिपके, काही गडद, काही फिकट. गॉगल काढला की बहुतेक वेळा गायब. काच डागाळलेली नसते आणि गॉगलही सदोष नसतो. भट्टीतून तापून बाहेर आलेल्या काचेवर थंड हवेचे असंख्य झोत सोडतात, त्या झोतांच्या या खुणा. झोत जिथे नेमका पडला तिथला ताण आणि दोन झोतांच्या मधला ताण सारखा नसतो. ताणाखाली असलेली काच तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलते, हे डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १८१५च्या सुमारास दाखवलं होतं. गॉगल फक्त तो फरक डोळ्यांपर्यंत पोहोचवतो.

ही काच कारखान्यातून निघते तीच ताण घेऊन, आणि फुटेपर्यंत तो तिच्यात राहतो. ती बदलायची वेळ आली की गॅरेजमध्ये चर्चा होते ती काच कुठल्या कंपनीची आणि कितीला पडेल याची. माझ्या मते ते प्रश्न दुय्यम आहेत. काम बिघडतं ते जवळजवळ नेहमी काचेच्या कडेला, काच आणि पत्रा भेटतात त्या बोटभर पट्टीत.

आधी ताणाचं पाहू. साधी काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्या दोन्ही पृष्ठभागांवर एकदम हवा मारली, की पृष्ठभाग आधी कडक होतात. आतला भाग अजून गरम असतो. तो मागाहून थंड होत आकसू पाहतो, पण कडक झालेले पृष्ठभाग त्याला आकसू देत नाहीत. शेवटी पृष्ठभाग दाबले जातात आणि पोट ताणलेलं राहतं. काच तडकते ती ताणानं, दाबानं नाही. टेबलावरची पुस्तकांची रांग दोन्ही टोकांना तळहातांनी दाबून उचलली तर मधलं पुस्तक निसटत नाही. तसंच पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्याला हा दाब उघडू देत नाही. म्हणून ही टफन्ड काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट दणकट असते.

पण या दाबलेल्या थराची जाडी किती? प्रत्येक बाजूला काचेच्या जाडीच्या साधारण एकपंचमांश. गाडीची मागची काच तीन-चार मिलिमीटर जाड असते, म्हणजे हे चिलखत मिलिमीटरभरही नाही. ते भेदून चीर ताणलेल्या पोटात पोहोचली की थांबत नाही. सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगानं ती फाटे फोडत सुटते. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळी काच दाणेदार होऊन खाली येते.

सतराव्या शतकात युरोपच्या राजदरबारांत याचाच खेळ चाले. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला थेंब तयार होतो. डोक्यावर हातोडा मारला तरी तो टिकतो, पण शेपटीचं टोक मोडलं की सगळा थेंब स्फोट व्हावा तसा भुकटी होतो. प्रिन्स रूपर्टनं हे थेंब १६६०च्या सुमारास इंग्लंडात नेले आणि रॉयल सोसायटीतल्या मंडळींनी त्यांच्यावर डोकं चालवलं. १९९०च्या दशकात श्रीनिवासन चंद्रशेखर आणि मुनावर चौधरी यांनी अतिवेगवान छायाचित्रणानं थेंबातली पळती चीर टिपली. थेंबाची शेपटी म्हणजे गाडीच्या काचेची कड. काचेच्या मधोमध चेंडू लागला तर अनेकदा काही होत नाही. पण काच उतरवताना कडेला पान्याचा टोकदार फटका बसला, की नवीकोरी काच कारागिराच्या हातातच विरघळते. टफन्ड काच म्हणूनच कधीही थेट फरशीवर टेकवायची नसते, कोपऱ्यावर उभी तर मुळीच नाही.

पुढची काच या जातीची नसते. तिच्यात काचेचे दोन थर आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. तडकली तरी ती जागेवर राहते आणि ड्रायव्हरला रस्ता दिसत राहतो. मागे तशी निकड नसते. फुटलीच तर सुरीसारखे तुकडे न होता बोथट दाणे व्हावेत, एवढं पाहिलं जातं. युरोपात सुरू झालेल्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली चालणाऱ्या नियमानुसार, फुटलेल्या टफन्ड काचेवर ५ बाय ५ सेंटिमीटरचा चौकोन आखला तर त्यात किमान ४० तुकडे भरावे लागतात. जितके जास्त तुकडे, तितके ते लहान आणि कमी धोक्याचे. आपल्याकडे वाहनांच्या सुरक्षाकाचेसाठी आयएस २५५३ हे मानक आहे आणि त्याची खूण काचेच्या कोपऱ्यात भाजून छापलेली असते. नवी काच घेताना पहिल्यांदा तो कोपरा वाचावा.

उन्हात तापलेल्या गाडीवर गार पाणी मारलं की मागची काच फुटते, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. धडधाकट टफन्ड काच दोनशे अंशांच्या आसपासचा फरक सोसते. बादलीभर पाण्यानं तिचं काही होत नाही. पाण्यानं फुटलीच, तर कडेला आधीच कुठेतरी टवका उडालेला असतो. पाण्यानं फक्त निमित्त दिलं.

टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. मागच्या वायपरचं भोक, बिजागरीची खाच, वक्राकार, सगळं भट्टीत जाण्याआधी किंवा भट्टीतच करून घ्यावं लागतं. त्यामुळे एकाच मॉडेलच्या स्वस्त आणि महाग आवृत्तीच्या काचा वेगळ्या असतात. एकीला वायपरचं भोक, दुसरीला नाही. एकीवर काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या रेघा, दुसरी कोरी. मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, नेमकी आवृत्ती आणि वर्ष सांगावं लागतं. काळ्या काचेचा मोह असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम आठवावा: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. विम्याचंही इथेच सांगून टाकतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर प्लास्टिक-रबराच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, काचेवर मात्र घसारा शून्य असतो.

काच फुटल्यापासून नवी बसेपर्यंतचे एक-दोन दिवस लोक गाडी तशीच चालवतात. हे टाळावं, आणि कारण फक्त धूळ-पाऊस नाही. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो आणि हवा तिथे घोटाळत राहते. सायलेन्सरमधून निघालेला धूर त्या भोवऱ्यात अडकतो आणि मागच्या उघड्या खिडकीतून आत खेचला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. जावंच लागलं तर जाड प्लास्टिक नीट चिकटवावं, पुढच्या काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात आणि ब्लोअर बाहेरची हवा घेईल असा लावावा.

आता बसवण्याचं. अँबॅसिडर, पद्मिनीच्या काळात काच रबराच्या जाड पट्टीत अडकवलेली असे. रबराच्या खाचेत दोरी गुंडाळायची, साबणाचं पाणी लावायचं, एकानं बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्यानं आतून दोरी ओढत रबराची जीभ पत्र्यावर चढवायची. देखणं काम होतं, आणि दोन माणसं तासाभरात उरकत. आजच्या बहुतेक गाड्यांत काच पत्र्याला पॉलियुरेथेननं चिकटवलेली असते; गॅरेजच्या भाषेत ‘पीयू’. चिकटवलेली काच गाडीच्या सांगाड्याला थोडी ताठरताही देते. ती आता नुसती खिडकी राहिलेली नाही.

काचेच्या चारही बाजूंना काळा पट्टा आणि आतल्या अंगाला विरत जाणारे काळे ठिपके असतात. पुष्कळांना ती नक्षी वाटते. तो भाजून पक्का केलेला सिरॅमिकचा मुलामा आहे. सूर्याचे अतिनील किरण पॉलियुरेथेनला हळूहळू खातात. हा पट्टा त्याच्यावर सावली धरतो. शिवाय त्याचा किंचित खरबरीत पृष्ठभाग चिकटायला बरा. ठिपक्यांचंही काम आहे: काळा भाग जास्त तापतो, उघडा कमी, आणि ठिपके हा बदल एकदम होऊ देत नाहीत.

जुनी काच निघाली की पत्र्यावर जुन्या पीयूची फीत राहते. नवशिका कारागीर ती पत्र्यापर्यंत खरवडतो आणि त्याला ते स्वच्छ काम वाटतं. जाणता कारागीर धारदार पात्यानं ती कापत आणतो आणि एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर मुद्दाम ठेवतो. घट्ट बसलेल्या जुन्या पीयूवर नवं पीयू उत्तम धरतं, आणि खालचा रंगही शाबूत राहतो. पातं घसरून रंग निघालाच तर त्या ओरखड्याला तिथल्या तिथे प्रायमर लावावा लागतो. नाहीतर उघड्या लोखंडावर गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि वरची फीत आतून उचलतो. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या खाऱ्या हवेत या कामाला फार वेळ लागत नाही. गळती दिसते तेव्हा दोष काचेला जातो. खरं दुखणं त्या एका ओरखड्याचं असतं.

पीयू वाळत नाही, पिकतं. नळीतल्या द्रव्यात आयसोसायनेट गट असतात. हवेतल्या बाष्पाशी त्यांची अभिक्रिया होते, थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रेणू एकमेकांना जोडले जाऊन रबरासारखं जाळं तयार होतं. म्हणजे या चिकटद्रव्याला पाणी लागतं, पण हवेतलं. पृष्ठभाग मात्र कोरडाच हवा. बाष्प बाहेरून आत झिरपतं, म्हणून वरची साय काही मिनिटांत धरते आणि गाभा मागाहून, दिवसाला तीन-चार मिलिमीटर अशा चालीनं पिकतो. साय धरण्याआधी काच बसली पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत हे काम भरभर होतं, तर विदर्भातल्या कोरड्या थंडीत तेच द्रव्य रेंगाळतं. म्हणून गाडी कधी बाहेर काढायची याचा आकडा कारागिराच्या अंदाजावर नाही, नळीवर छापलेल्या सूचनेवर ठरवावा. पहिले एक-दोन दिवस एखादी खिडकी किंचित उघडी ठेवावी. बंद गाडीचं दार जोरात आपटलं की आतली हवा काचेला बाहेर ढकलते, आणि कच्च्या फितीला तेवढं पुरतं. या दिवसांत प्रेशर वॉशरही नको.

फीत त्रिकोणी ओततात. त्यासाठी नळीच्या तोंडाला इंग्रजी व्ही आकाराची खाच कापलेली असते. त्रिकोणाचा उंच माथा काचेखाली चेपला जातो आणि हवा न कोंडता सगळीकडे सारखा पसरतो. काचेच्या कडेला आधी क्लीनर, मग प्रायमर. त्यानंतर तिथे बोट लागलं तर बोटाचं तेल लागलं.

पीयूऐवजी बाथरूमला वापरतात ते सिलिकॉन मारून देणारेही भेटतात, स्वस्त पडतं म्हणून. काम चालू असताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तिथेच हात धरावा. तो ॲसिटिक आम्लाचा वास आहे. सिलिकॉनचा हा प्रकार पिकताना ते सोडतो आणि पत्र्याला गंजवतो. वर त्याचा अंश राहिला की पुढे पीयूही नीट धरत नाही.

डिफॉगरच्या रेघांबद्दल थोडं. त्या चांदीच्या लेपाच्या असतात, काचेच्या आतल्या बाजूला छापून भाजलेल्या. १२ व्होल्टवर साधारण १० ते २० अँपिअर वीज त्यांतून जाते. नवी काच बसवण्याआधीच त्या तपासाव्यात. तारा तात्पुरत्या जोडून, वीज चालू करून मीटरचं एक टोक गाडीच्या पत्र्याला आणि दुसरं रेघेच्या मध्यावर टेकवलं तर निम्मा विद्युतदाब, म्हणजे सहाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. बारा किंवा शून्य दिसले तर रेघ कुठेतरी तुटली आहे. तुटलेली रेघ चांदीच्या वाहक रंगानं सांधता येते. पुढे काच पुसताना फडकं रेघांच्या दिशेनं फिरवावं, आडवं नाही.

फुटलेल्या काचेचे दाणे डिकीच्या दारात, सीटच्या सांध्यात आणि सीटबेल्टच्या खटक्यात जाऊन बसतात. खटक्यात दाणा अडकला तर बेल्ट नीट लागत नाही, तेव्हा व्हॅक्यूमची नळी तिथेही फिरवून घ्या.

काम झाल्यावर गळती तपासायची एक सोपी रीत आहे, आणि तीही फीत पिकल्यावरच. सगळ्या खिडक्या बंद करून ब्लोअर बाहेरच्या हवेवर पूर्ण वेगानं सोडायचा. गाडीत दाब थोडा वाढतो. मग बाहेरून काचेच्या कडेनं साबणाचं पाणी लावत जायचं. फट असेल तिथे बुडबुडे येतात. तेवढ्या जागेवर बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढून घेऊ नका. पाणी आत कुठून शिरतं आणि कुठे टपकतं या दोन जागा बहुधा वेगळ्या असतात. फट लहान असेल तर ती साफ करून, कोरडी करून पीयूच भरतात. फीत लांबवर सुटलेली निघाली, तर काच पुन्हा काढावी लागते.