दाताला चालायला रस्ता हवा!

दोस्तांनो, तुमच्या वर्गात कुणीतरी दातांना तार लावलेलं असेलच. ती तार दात सरकवते. पण दात तर जबड्याच्या हाडात घट्ट रुतलेला, मग तो सरकतो कसा?

तीच तर गंमत! तारेचा हलका दाब पडला, की दाताच्या पुढचं हाड काही पेशी पोखरतात आणि मागे दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. पुढे खणायचं, मागे बुजवायचं! वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर. गोगलगायसुद्धा हसेल!

पण वाटेत हाडच नसलं तर? जगात सुमारे ७०० बाळांमागे एखाद्याचा ओठ किंवा टाळू जन्मतः दुभंगलेला असतो. तान्हेपणी तो शिवतात, तरी पुष्कळदा हिरडीच्या आतल्या हाडात खाच उरते. तिथला पटाशीचा दात बरेचदा येतच नाही. फट मोठी, आणि शेजारचा दात सरकवायला रस्ताच नाही!

मग डॉक्टर हाड उसनं घेतात. कुणाकडून? त्याच मुलाच्या कमरेकडून! भूल देऊन कमरेच्या हाडातला स्पंजासारखा भाग थोडासा काढायचा आणि खाचेत भरायचा. थोडे दिवस कंबर दुखते, चालताना लंगडायला होतं. पण काही महिन्यांत ते हाड जबड्याचंच होऊन जातं. अमेरिकेतल्या बॉइन आणि सँड्स या डॉक्टरांनी १९७२ साली ही पद्धत मांडली.

यात वेळ मात्र साधावी लागते. साधारण ८ ते ११ वर्षांचं वय, वरचा सुळा उगवण्याआधीचं. मग सुळा या नव्या हाडातूनच खाली उतरतो. पुढे तार लावून त्याला रिकाम्या जागी आणतात, टोक घासून पटाशीच्या दातासारखा आकार देतात. फट गायब!

उशीर झाला, तर हाड नीट धरण्याची शक्यता कमी होते. म्हणून आईबाबांनो, ओठ शिवला म्हणजे काम संपलं, असं समजू नका. मूल सात वर्षांचं झालं, की दातांच्या डॉक्टरांना जरूर दाखवा.

आणि दोस्तांनो, ओठावर शिवणीची खूण असलेला मित्र तुमच्या वर्गात असेल, तर त्याला चिडवू नका हं. एक हसू नीट व्हावं म्हणून त्याने कदाचित आपल्या कमरेचं हाड दिलेलं असेल!