सरखेल कान्होजी आंग्रे

भिवंडीचे नाव उच्चारताच यंत्रमागांचा अखंड खडखडाट आणि कापडाचे गठ्ठे डोळ्यांपुढे उभे राहतात. या शहरातून समुद्र दिसत नाही. परंतु शहराच्या कडेने वाहणारी कामवारी नदी पुढे उल्हास नदीच्या खाडीला मिळते आणि ती खाडी वसईजवळ अरबी समुद्रात शिरते. एके काळी भरतीच्या पाण्याबरोबर याच वाटेने गलबते आत येत आणि ओहोटीबरोबर परत जात. १६५७ च्या ऑक्टोबर महिन्यात शिवाजी महाराजांनी विजापूरच्या अमलाखालील कल्याण व भिवंडी ही ठाणी जिंकून घेतली आणि त्यानंतर लवकरच या खाडीच्या काठी जहाजबांधणीस आरंभ केला. त्या कामावर काही पोर्तुगीज कारागीर नेमले होते. परंतु वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने मन वळविताच ते काम टाकून निघून गेले. तथापि बांधणी थांबली नाही. मराठी आरमाराचा पाया येथे घातला गेला.

आरमाराची एवढी निकड का भासली? त्या काळी जमिनीवर राजाची सत्ता असली, तरी किनाऱ्यापुढील पाणी परक्यांच्या हाती होते. जंजिऱ्याचा सिद्दी किनाऱ्यावरील गावे लुटून माणसे धरून नेत असे. पोर्तुगिजांचा तर असा दंडक होता, की त्यांचा परवाना घेतल्यावाचून कोणीही जहाज हाकारू नये. आपल्याच किनाऱ्यावरील व्यापाऱ्याला आपल्याच समुद्रातून जाण्यासाठी परक्याला पैसे मोजावे लागत. ही स्थिती पालटण्याचे जे काम शिवाजी महाराजांनी हाती घेतले, ते त्यांच्यामागे ज्याने अत्यंत निष्ठेने व यशस्वीपणे चालविले, तो पुरुष म्हणजे कान्होजी आंग्रे होय.

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातील आंगरवाडी या गावावरून त्यांना आंग्रे हे नाव पडले. कान्होजीचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीस होते. त्यामुळे कान्होजीचे बालपण लाटांच्या आवाजातच गेले. वारा कोठून वाहू लागला म्हणजे शीड कसे वळवावे, कोणत्या खडकावर ओहोटीच्या वेळी किती पाणी असते, कोणत्या खाडीत किती आतवर शिरता येते, हे ज्ञान त्याने पुस्तकांतून नव्हे, तर कोळी व भंडारी खलाशांच्या सहवासात मिळविले.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला व रायगड मोगलांच्या हाती पडला. राजाराम महाराजांना दूर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. अशा बिकट काळी कोकणच्या किनाऱ्याकडे कोण पाहणार? याच धामधुमीतील एक गोष्ट सांगितली जाते. सिद्दीने सुवर्णदुर्गास वेढा घातला असता तेथील किल्लेदार फितूर होऊन किल्ला शत्रूच्या स्वाधीन करण्याच्या बेतात होता. तरुण कान्होजीस हे कळताच त्याने सोबत्यांना जमवून किल्लेदारास कैद केले आणि किल्ला लढवून राखला. पुढे १६९८ च्या सुमारास आरमाराचा प्रमुख सिधोजी गुजर मरण पावला आणि आरमाराची सारी सूत्रे कान्होजीकडे आली. त्याला ‘सरखेल’ हा किताब मिळाला. मूळ फारसी असलेल्या या शब्दाचा अर्थ सेनेचा नायक असा आहे. मराठ्यांच्या आरमारात सरखेल म्हणजे समुद्रावरील सेनापतीच होय.

सरखेलाच्या हाती साधने कोणती होती, हे पाहण्यासारखे आहे. त्याच्या आरमारात मुख्यत्वे गुराबा आणि गलबते असत. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे मोठे जहाज. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाशी, समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा बसविलेल्या असत. गलबत आकाराने लहान. परंतु त्याला शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्हीही असत. ही जहाजे उथळ पाण्यातही तरंगत, म्हणून ती खाड्यांत खोलवर शिरू शकत.

युरोपीय जहाजे याहून फार मोठी व भक्कम होती. त्यांच्या दोन्ही कुशींना तोफांच्या ओळी असत. खुल्या समुद्रात वारा चांगला असताना अशा जहाजाशी समोरासमोर झुंजणे म्हणजे आपण होऊन नाश ओढवून घेणे, हे कान्होजी पुरते जाणून होता. म्हणून त्याने आपली स्वतंत्र युद्धरीत बसविली. वारा पडला, की शिडांवर चालणारे परकी जहाज जागच्या जागी लाकडासारखे तरंगत राही. अशा वेळी गलबते वल्ह्यांच्या जोरावर निघत व जड गुराबांना दोरांनी ओढीत नेत. ती सारी शत्रूच्या पाठीमागच्या बाजूने जवळ येत, कारण त्या बाजूस शत्रूच्या तोफा थोड्या असत. प्रथम शिडे व डोलकाठ्या यांवर मारा करून ते जहाज पांगळे करावयाचे आणि मग तलवारी घेतलेल्या सैनिकांनी चोहोंकडून त्यावर चढावयाचे, असा हा डाव होता. प्रसंग उलटा आलाच, तर गलबते जवळच्या खाडीत शिरत आणि किनाऱ्यावरील किल्ल्याच्या तोफा त्यांचे रक्षण करीत. अलिबागचा कुलाबा, मुंबईच्या दक्षिणेकडील समुद्रातला खांदेरी, हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग आणि वाघोटण खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग ही या आरमाराची आश्रयस्थाने होती. जहाज आणि किल्ला ही कान्होजीच्या युद्धतंत्राची दोन चाके होती. एकावाचून दुसरे चालले नसते.

मराठी राज्यात त्या वेळी दुफळी माजली होती. ताराबाई व शाहू महाराज या दोन पक्षांत कान्होजी प्रथम ताराबाईच्या बाजूस होता. शाहू महाराजांचा पेशवा बहिरोपंत पिंगळे त्याच्यावर चालून आला, तेव्हा कान्होजीने त्यालाच कैद केले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवा झाला. तोही कोकणचाच. त्याने तलवार न उपसता कान्होजीची भेट घेतली आणि घरच्या भांडणात परक्यांचाच लाभ होतो हे त्याला पटवून दिले. तह झाला, कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षास मिळाला आणि त्याचे सरखेलपद व किल्ले कायम झाले. शस्त्राने जे साधले नाही, ते समजुतीच्या शब्दांनी साधले.

आता कान्होजीची गाठ इंग्रजांशी पडली. कोकणच्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाने सरखेलाचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे व जकात भरावी, असा त्याचा नियम होता. ज्याच्याजवळ दस्तक नसे, ते जहाज तो पकडी. १७१२ मध्ये त्याने मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौकाच धरली. पुढच्या वर्षी तह होऊन कंपनीच्या जहाजांना उपद्रव न देण्याचे त्याने मान्य केले. परंतु वाद मिटला नाही. कंपनीखेरीज इतर व्यापाऱ्यांची जहाजेही इंग्रजांचा परवाना दाखवून जकात चुकवू लागली. कंपनीची जहाजे सोडीन, पण इतरांची सोडणार नाही, असे कान्होजीचे म्हणणे होते. यावरून युद्ध पेटले.

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने नवी लढाऊ जहाजे बांधविली आणि १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला चढविला. तेथील कातळावर व तटावर गोळे आदळून व्यर्थ गेले व जहाजे हात हलवीत परतली. १७१८ मध्ये खांदेरीवर चाल झाली, तीही फसली. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गाची पाळी आली. या वेळी इंग्रजांनी जाड भिंतींचा एक तरंगता तोफखाना मोठ्या खर्चाने बांधून आणला होता. परंतु तोफांसाठी ठेवलेली भोके इतकी खाली निघाली, की तोफांची तोंडे पुरेशी वर उचलता येईनात आणि गोळे किल्ल्यापर्यंत पोहोचेनात!

१७२१ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या चार युद्धनौका घेऊन मॅथ्यूज नावाचा अधिकारी मुंबईस आला. पोर्तुगीज इंग्रजांना मिळाले व त्यांचा व्हाइसरॉय स्वतः सैन्यासह दाखल झाला. दोन्ही फौजांनी चौलकडून येऊन कुलाब्यावर चाल केली. पण कान्होजी एकटा नव्हता. शाहू महाराजांच्या आज्ञेवरून पिलाजी जाधवाचे घोडदळ धावून आले, पाठोपाठ पेशवा बाजीरावही आला. डिसेंबर महिन्यात इंग्रज तटावर चढू लागले असता मराठी स्वारांनी पोर्तुगिजांवर झडप घातली. त्यांची फळी फुटली आणि साऱ्या सैन्याची दाणादाण उडाली. पराभवाचा दोष दोघे मित्र एकमेकांच्या माथी मारू लागले आणि १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगिजांनी इंग्रजांना बाजूस ठेवून मराठ्यांशी निराळा तह केला. १७२४ मध्ये डचांनीही सात मोठी जहाजे आणून विजयदुर्गावर नशीब अजमावले. त्यांनाही रिकाम्या हाती परतावे लागले.

इंग्रजांनी आपल्या कागदोपत्री कान्होजीस सदैव चाचा म्हटले आहे. चाचा म्हणजे समुद्रावरील लुटारू. हे विशेषण कितपत न्याय्य आहे? चाच्याला राजा नसतो, कायदा नसतो, त्याची लूट त्याच्या स्वतःपुरती असते. कान्होजी एका राज्याचा नेमलेला अधिकारी होता. त्याने परवान्याचा जो नियम लावला, तोच पोर्तुगिजांनी शंभरांहून अधिक वर्षे लावला होता. त्यांना मात्र कोणी चाचे म्हटले नाही. त्याने पकडलेल्या जहाजांवरील माणसांना हाल सोसावे लागले, निरपराध व्यापाऱ्यांचे नुकसान झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु युद्धात उभय पक्षांकडून हेच घडत होते. १७२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर फिप्स याने लुटीचा आरोप केला, तेव्हा कान्होजीने पत्राने उत्तर धाडले, की दुसऱ्याच्या वस्तूची अभिलाषा व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रीतच अशी आहे. म्हणून इतिहास वाचताना तो कोणी लिहिला आहे, हे विचारण्याची सवय सुज्ञ वाचकाने ठेवावी.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजीचा अंत झाला. त्याची समाधी अलिबाग येथे आहे. त्याच्या हयातीत कोणत्याही परकी सत्तेला त्याचा एकही मोठा सागरी किल्ला जिंकता आला नाही. परंतु त्याच्या मागे मुलांत तंटे उत्पन्न झाले. संभाजी आणि मानाजी या भावांनी किल्ले व जहाजे वाटून घेतली. एकाची शक्ती दुसऱ्याच्या विरोधात खर्ची पडू लागली. पुढे तुळाजी आंग्रे व नानासाहेब पेशवे यांच्यात वैर वाढले आणि पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. जे काम इंग्रज, पोर्तुगीज व डच यांना मिळून करता आले नव्हते, ते घरच्या कलहाने करून दाखविले. १७२१ मध्ये कुलाब्याच्या रक्षणासाठी पेशवा धावून गेला होता. पस्तीस वर्षांनी त्याच्याच मुलाने परक्यांना आंग्र्यांवर बोलाविले. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे मराठ्यांची सागरी सत्ता कशाने उभी राहिली व कशाने बुडाली, हे निराळे सांगावे लागत नाही.

स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या एका तळास १९५१ मध्ये ‘आंग्रे’ हे नाव दिले. ज्या मुंबईहून कान्होजीवर आरमारे निघाली, त्याच मुंबईत आज त्याचे नाव सन्मानाने नांदत आहे. आणि भिवंडी-कल्याणच्या ज्या खाडीत पहिली लाकडे तासली गेली, तिचे पाणी अजूनही दररोज दोन वेळा समुद्राच्या भेटीस जाते व परत येते.