अळी कात कधी टाकते?

आम्ही कवी मंडळी ‘कात टाकणे’ हे शब्द फार सढळ हाताने वापरतो. गाव कात टाकते, भाषा कात टाकते. अळीला मात्र कात टाकल्यावाचून वाढताच येत नाही. तिची कातडी म्हणजे अंगाबरोबर शिवून दिलेला सदरा. अंग भरले तरी तो फारसा ताणत नाही. मग आतून नवा तयार करायचा आणि जुना फाडून बाहेर यायचे. कपाशीवरची हिरवी बोंडअळी कोषात जाण्याआधी सहसा पाच वेळा हा खटाटोप करते.

त्याची वेळ ठरवणारी रसायने तिच्या शरीरातच असतात. त्यांना संप्रेरके म्हणतात. मेंदूचा इशारा आला की छातीतल्या ग्रंथीतून एक्डिसोन स्रवते. त्याचा हुकूम एकच, कात टाक. पण कातीतून पुन्हा अळीच निघणार की कोष, हे दुसरे संप्रेरक ठरवते. ते भरपूर असेल तोवर अळीचे बालपण सरत नाही.

इंग्रज शास्त्रज्ञ व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९३०च्या दशकात रक्त पिणाऱ्या ढेकणाच्या एका भाईबंदावर प्रयोग केले. रक्त पिताच त्याचे डोके कापले, तर कात पडत नसे. काही दिवस थांबून कापले, तर बिनडोक्याचा किडा कात टाकी! हुकूम तोवर सुटलेला असे.

आपल्या जळगाव-धुळ्याच्या बांधावरचा कडुनिंब याच हुकुमात ढवळाढवळ करतो. निंबोळीतले अझाडिरॅक्टिन एक्डिसोनचे वेळापत्रक बिघडवते. अळीची भूक मंदावते, कात अर्धवट अडकते आणि ती हळूहळू मरते. हे ‘हळूहळू’च शेतकऱ्याच्या जिवावर येते. दुसऱ्या दिवशी पानावर अळी जिवंत दिसली, की अर्क वाया गेला असे वाटते आणि जहाल औषधाचा डबा फुटतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही.

अर्क घरीच होतो. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवावा, फडक्यातून गाळावा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण १०० लिटर द्रावण करावे. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत मात्र तो पोहोचत नाही आणि मोठ्या अळ्यांना दाद देत नाही. अंडी किंवा नुकत्याच निघालेल्या अळ्या दिसताच फवारावा, तोही संध्याकाळी. उन्हात त्याचा गुण लवकर जातो.