टाकीच्या झाकणामागे

माझा मेहुणा अकरा वर्षे न्यू जर्सीत काढून कायमचा पुण्यात आला आणि आल्याबरोबर त्याने जर्मन बनावटीची गाडी घेतली. घेतली म्हणजे जुनीच, २०१५ सालची. पेढे देताना त्याने गाडीचे वय सांगितले नाही, ते नंतर बहिणीकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून कळले. नव्या गाडीची किंमत ऐकून माणूस हसून सोडून देतो. जुन्या आलिशान गाडीची ऐकली की मोह होतो. फसगत अशी की, गाडी जुनी झाली तरी तिचे सुटे भाग नव्या गाडीच्याच भावात मिळतात. मेहुण्याने गाडीसाठी कर्ज काढले होते, त्यामुळे इंजिन जरा वेगळे वाजले की त्याला हप्ता आठवे.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही या गाडीतून निघालो. आधी भोर, तिथून आंबवड्याचा नागेश्वर, मग परत कापूरहोळला येऊन चेलाडीवरून नसरापूर, मार्गासनी आणि वेल्हे असा बेत होता. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचे, पण जुन्या माणसांच्या तोंडून वेल्हेच येते. आंबवड्याहून परतताना भोरमध्ये काटा खाली आला. मी म्हटले, "इथंच भरून घे." मेहुणा गप्प. मग म्हणाला, "भाऊजी, ही गाडी कुठलंही पेट्रोल पीत नाही. पुण्यात शंभर ऑक्टेनचं मिळतं. तोपर्यंत पुरेल का?"

पुरणार नव्हते. वेल्ह्याला जाऊन परत यायचे तर वाटेत ढकलावी लागली असती.

पंपावर उतरताच मेहुण्याने पहिला प्रश्न विचारला, "मामा, ऑक्टेन किती?" पंपावरचा माणूस साठीचा. त्याने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि सांगितले, "पूर्वी एक्क्याण्णव म्हणायचे साहेब. आता पंच्याण्णव आहे म्हणतात." मेहुण्याचा चेहरा खुलला. "भाऊजी, तिकडं एक्क्याण्णव म्हणजे प्रीमियम! साधं सत्त्याऐंशीचं असतं. मी एका घाऊक दुकानाचा सभासद होतो. त्यांच्या पंपावर प्रीमियमसुद्धा बाजारभावापेक्षा स्वस्त. रांग लावून भरायचो." न्यू जर्सीबद्दल एक गंमत सांगायलाच हवी. त्या राज्यात आपल्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे. भोरप्रमाणेच पंपावरचा माणूस येऊन भरतो. म्हणजे अकरा वर्षे परदेशी राहूनही मेहुण्याने स्वतः नळी धरली नव्हती.

पण त्याचा आनंद एका आकड्याच्या गैरसमजावर उभा होता. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक सौम्य कसोटीची, तिला 'रॉन' म्हणतात. दुसरी कडक कसोटीची, तिचा आकडा कमी येतो, तिला 'मॉन' म्हणतात. युरोपात आणि आपल्याकडे रॉन सांगतात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी पंपावर लिहितात. त्यामुळे आपले ९१ म्हणजे त्यांचे साधारण ८७, अगदी साधे. आणि त्यांचे ९१ म्हणजे आपले पंच्याण्णव-शहाण्णव. मैल आणि किलोमीटर यांत फरक असतो हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. ऑक्टेनचा फरक मात्र विमानातून सामान उतरवताना कोणी सांगत नाही.

मुळात ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा कस नव्हे, ताकद तर नव्हेच. पेट्रोल दाबाखाली ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेटू नये, यासाठी त्यात किती सबुरी आहे, त्याचे ते माप. १९२६ साली ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने हे माप ठरवले. आयसो-ऑक्टेन नावाचा द्रव फार सबुरीचा, त्याला १००. हेप्टेन उतावळा, त्याला शून्य. त्याआधी १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली याने पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालून ही सबुरी वाढवण्याची युक्ती काढली, आणि पुढची अनेक दशके जगभरच्या रस्त्यांवर शिसे श्वासातून लोकांच्या रक्तात गेले. आपल्या देशात ते पूर्ण बंद व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडले.

उतावळ्या पेट्रोलचा आवाज मी लहानपणी ऐकला आहे. वडिलांची फियाट होती. एकदा महाडहून भोरकडे येताना वरंधा घाट चढत होतो, आणि इंजिनातून डबीत खडे खुळखुळावेत तसा आवाज येऊ लागला. वडिलांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडले, आणि नळीतले चार थेंब बोटावर घेऊन हुंगले. "रॉकेल," एवढेच म्हणाले. घाटाखाली एका पंपावर, दोन पैसे स्वस्त म्हणून, टाकी भरली होती. रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा फारच कमी. चढावर इंजिनाला भार पडला की मिश्रण आपोआपच स्फोट पावते. त्यालाच मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात. असे फार वेळ चालले की पिस्टनला चरे पडतात, कधी भोकही. त्या दिवशी आम्ही दर दोन वळणांनी थांबत भोरला पोचलो. आई घाटात सोबतचे डबे उघडून बसली होती, म्हणून आम्हा मुलांना ती सहलच वाटली. वडिलांच्या डोक्यावर मात्र इंजिनाच्या कामाचा खर्च बसला.

आजच्या गाड्यांत हे सहसा ऐकू येत नाही. इंजिनावर एक कान बसवलेला असतो, 'नॉक सेन्सर'. खुळखुळ सुरू होताच तो संगणकाला कळवतो, ठिणगी थोडी उशिरा पडते, आवाज थांबतो. त्या बदल्यात पिकअप कमी होतो आणि पेट्रोल जास्त जाते. म्हणजे ९५ मागणाऱ्या गाडीला ९१ दिले तर ती मरत नाही, मरगळते. उलट, ९१वर चालायला बनवलेल्या गाडीला शंभर ऑक्टेनचे महाग पेट्रोल पाजून सहसा काहीच मिळत नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या मोटार संघटनेने २०१६ साली हेच तपासले. साध्या पेट्रोलच्या गाड्यांत विनाकारण प्रीमियम भरून अमेरिकनांनी वर्षभरात २ अब्ज १० कोटी डॉलर वाया घालवले, असा तिचा हिशेब होता. आपल्याकडे २००२च्या सुमारास 'स्पीड', 'पॉवर' अशी नावे आली, पण त्यांत सुरुवातीला भर होता तो इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांवर. १ डिसेंबर २०२० रोजी इंडियन ऑइलने शंभर ऑक्टेन आणले, पहिल्या दहा शहरांत पुणे होते. पुणेकराला त्याचा भाव पाहूनच घाम फुटला, हा भाग वेगळा.

मग स्वस्त पेट्रोल वाईट असते का? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. स्वस्ताई कधी दुकानदाराच्या नफ्यातून येते, जशी मेहुण्याच्या त्या घाऊक दुकानात. पेट्रोल त्याच तेलडेपोतले, त्याच नळातले. कधी ती करातून येते. एप्रिल २०१२मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटर सुमारे अकरा रुपयांनी उतरले. कोल्हापूरकडची मंडळी सीमेपलीकडे निपाणीला जाऊन टाकी भरतात. या स्वस्ताईत इंजिनाला धोका नाही. तिसरी स्वस्ताई टँकर आणि पंप यांच्या मधल्या अंधारात जन्मते, आणि ती गिऱ्हाइकाच्या खिशात येत नाही. भाव पूर्ण घेतला जातो, माल अर्धा असतो. ही गोष्ट केवळ पिस्टनवर थांबत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला भेसळखोरांना रंगेहाथ धरायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. त्या दिवसानंतर मी पंपावर पेट्रोल हुंगतो तेव्हा वडिलांबरोबर तेही आठवतात.

तर आम्ही पंपावर उभे होतो. मामांनी टाकीचे झाकण उघडले आणि आतल्या बाजूला बोट ठेवले. "साहेब, हे वाचलंय का?" मेहुण्याने वाचले नव्हते. झाकणामागे एक चिकटपट्टी होती: शिसेविरहित, किमान ९५. आणि खाली बारीक अक्षरांत, ई१०पर्यंत. म्हणजे शंभरातले दहा भाग इथेनॉल चालेल. नळीवर लिहिले होते ई२०.

इथे प्रश्न उलटा फिरला. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये सांगितले त्याप्रमाणे वीस टक्के इथेनॉल घातल्याने साध्या पेट्रोलचा रॉन ९१वरून ९५वर गेला आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर. म्हणजे मेहुणा जे मागत होता ते भोरला साध्या नळीतून, साध्या भावात मिळत होते. तेही उसाच्या आणि धान्याच्या बळावर. निगड्याचा राजगड साखर कारखाना याच भोर तालुक्यातला. जर्मन गाडीची सबुरी आपल्या उसाच्या फडातून यावी, याची कल्पना त्या इंजिनाच्या रचनाकारांना नसणार.

पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज आहे. शिवाय ते पाणी शोषते. वेल्ह्याच्या पावसात फार्महाउसबाहेर महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी हे ध्यानात ठेवावे; जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशरसुद्धा तपासून घ्याव्यात. एका टाकीने इंजिन बसत नाही. मात्र जुन्या गाडीवाल्याला साध्या भावात ई१०चा पर्यायच ठेवू नये, हे मला पटलेले नाही. टपरीवरसुद्धा बिनसाखरेचा चहा मागता येतो.

"घनता दाखवू का?" मामांनी विचारले. हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, पण मागणारा दुर्मीळ. त्यांनी काचेच्या उंच नळकांड्यात पेट्रोल घेतले, हायड्रोमीटर सोडला, तापमान पाहिले, तक्त्यावरून पंधरा अंशाचा आकडा काढला आणि फळ्यावरच्या आकड्याशी ताडला. फरक तीनपेक्षा जास्त निघाला तर शंका घ्यायची. निघाला नाही. मग गाळणकागदावर एक थेंब. दोनेक मिनिटांत तो उडून गेला, डाग राहिला नाही. रॉकेल असते तर राहिला असता.

मेहुण्याने पर्स काढली. "हजाराचं टाका." मग जरा थांबून, "नको, पंधराशेचं."

वेल्ह्यापर्यंत तो कान देऊन गाडी चालवत होता. समोर ढगांतून तोरणा दिसला तेव्हा आम्ही सगळे ओरडलो, त्याने मान वर केली नाही. रात्री घरी पोचल्यावर त्याने वही काढून हिशेब मांडला. ॲव्हरेज लिटरला सव्वा किलोमीटरने कमी आले होते. तो म्हणतो इथेनॉलमुळे. बायको म्हणते पाच माणसे, नागेश्वरचे नारळ आणि रस्त्यात घेतलेले आंबेमोहोराचे पोते कोण मोजणार? वही अजून उघडीच आहे, आणि पुढच्या रविवारी तो एकटाच भोरला जाऊन येणार आहे.