नावाची पत

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, अगदी कोपऱ्यात, माझी पांढरी स्पार्क उभी असते. तिच्या नाकावर सोनेरी रंगाची एक खूण आहे. अधिकच्या चिन्हासारखी, पण आडवी ताणलेली. परवा खालच्या मजल्यावरच्या सहा-सात वर्षांच्या मुलाने त्या खुणेवर बोट ठेवून विचारले, “आजोबा, ही कुठली कंपनी?” हल्लीच्या मुलांना रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या नावानिशी पाठ असतात. ही मात्र त्याच्या यादीत नव्हती. मी म्हणालो, “शेव्हरोले.” त्याने ते नाव दोनदा उच्चारून पाहिले आणि “नवीन आहे का?” असे विचारून तो खेळायला पळाला.

नवीन! माझ्या थोरल्या मामांच्या तोंडी हे नाव ‘शेवरलेट’ असे होते. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता, तिथे ते फिटर होते. अमेरिकेतून बोटीने सुटे भाग येत आणि शिवडीत त्यांची गाडी उभी राही. १९२८ पासून हे काम चालू होते. मामा घरी आले की आम्हा मुलांना इंजिनाच्या गोष्टी सांगत आणि शेवटी म्हणत, “नाव मोठं होतं रे!” लहानपणी ते नाव म्हणजे एखाद्या गोऱ्या साहेबाचे असावे असे मला वाटे. ते तसे होतेही. फक्त त्या साहेबाची कथा मला फार उशिरा कळली.

मी उभी हयात बँकेत काढली. आमच्या धंद्यात ‘पत’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो. माणसाची पत, पेढीची पत, सहीची पत. शेव्हरोलेचा इतिहास वाचताना मला सारखे वाटत राहिले, की ही गोष्ट मोटारींची कमी आणि पतीची जास्त आहे. तिची सुरुवातच मुळी बँकवाल्यांपासून होते.

विल्यम ड्युरंट हा मिशिगनमधल्या फ्लिंट गावचा घोडागाड्यांचा कारखानदार. १९०८ मध्ये त्याने जनरल मोटर्स स्थापन केली आणि दिसेल ती मोटार कंपनी विकत घेण्याचा सपाटा लावला. ब्यूइक, ओल्ड्समोबाइल, कॅडिलॅक. दोन वर्षांत पैसा संपला. १९१० मध्ये बँकांच्या एका गटाने कंपनीला दीड कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पण हातात पडले ते एक कोटी साडेसत्तावीस लाख, आणि अट अशी, की पाच वर्षे कारभार बँकांचा राहील. ड्युरंट स्वतःच्या कंपनीत पाहुणा झाला. कर्जाच्या अटी लिहिण्यात आयुष्य घालवलेला मी, ही अट वाचून क्षणभर थांबलो. सावकार कठोर होता खरा, पण माझ्या टेबलावर ते प्रकरण आले असते तर मीही काही फार वेगळे लिहिले नसते.

ड्युरंट मात्र गप्प बसणारा नव्हता. ब्यूइकच्या शर्यतीच्या गाड्या चालवणारा लुई शेव्हरोले नावाचा एक धिप्पाड माणूस त्याच्या माहितीतला होता. हा १८७८ च्या नाताळच्या दिवशी स्वित्झर्लंडमध्ये जन्मला, फ्रान्समध्ये वाढला आणि मेकॅनिक म्हणून अमेरिकेत आला. शर्यतींमुळे त्याचे नाव लोकांना ठाऊक होते. ड्युरंटने ते नाव घेतले आणि ३ नोव्हेंबर १९११ रोजी शेव्हरोले मोटार कंपनीची नोंदणी झाली.

पहिली गाडी ‘क्लासिक सिक्स’, किंमत २,१५० डॉलर. तेवढ्या पैशात फोर्डच्या जवळपास तीन ‘मॉडेल टी’ आल्या असत्या. लुईला अशाच भारी, वेगवान गाड्या बनवायच्या होत्या. ड्युरंटला हवी होती ती शेतकऱ्याला आणि कारकुनाला परवडणारी गाडी. दोघांचे बिनसले. भांडण लुईच्या ओठांत सदा लोंबणाऱ्या सिगारेटवरून पेटले, असेही सांगतात. काही असो, दोनेक वर्षांत लुई बाहेर पडला. आपले शेअर्स त्याने विकले, आणि नाव मात्र मागेच राहिले. कंपनीची ती सोनेरी खूणही याच सुमाराची. पॅरिसच्या एका हॉटेलात भिंतीवरच्या कागदावर आपण ती पाहिली, असे ड्युरंट सांगे. त्याची पत्नी म्हणे, कसले पॅरिस, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून घेतली!

पुढे ड्युरंटने ४९० डॉलरची गाडी काढली आणि तिचे नावच ‘४९०’ ठेवले. ती धडाक्याने खपली. मग त्याने शेव्हरोलेचे शेअर्स देऊन जनरल मोटर्सचे शेअर्स गोळा करायला सुरुवात केली, आणि १९१६ मध्ये मूळ कंपनी पुन्हा ताब्यात घेतली. म्हणजे धाकट्या कंपनीने थोरलीला गिळले. चारच वर्षांनी, १९२० च्या मंदीत, तो शेअर बाजारात असा काही अडकला की पुन्हा बाहेर पडला, तो कायमचा. १९३६ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. उतारवयात त्याने फ्लिंटमध्ये बोलिंगचा एक क्लब चालवला. लुई १९४१ मध्ये गेला. तेव्हा त्याच्या नावाच्या लक्षावधी गाड्या जगभर धावत होत्या, आणि त्यांतल्या एकीवरही त्याचा पैशाचा हक्क नव्हता.

पण ही गाडी सामान्य माणसाच्या दारात आणली ती या दोघांइतकीच एका तिसऱ्या गोष्टीने, उधारीने. १९१९ मध्ये जनरल मोटर्सने गाडीसाठी कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली. हेन्री फोर्डला कर्जाचा तिटकारा. १९२३ मध्ये त्याने वेगळीच योजना काढली. आठवड्याला पाच डॉलर भरत राहा, किंमत पुरी झाली की गाडी घेऊन जा. थोडक्यात, आपली आवर्ती ठेव! शेव्हरोलेवाले म्हणत, गाडी आज न्या, पैसे उद्यापासून द्या. यांत कोण जिंकणार हे सांगायला बँकर लागत नाही. शिवाय दरवर्षी नवे रूप, नवे रंग. १९२७ मध्ये फोर्डने ‘मॉडेल टी’ बंद केली आणि त्याच वर्षी खपात शेव्हरोले पुढे गेली. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक गाड्या हप्त्यांवर विकल्या जात होत्या. शिवडीचा कारखाना निघाला तो याच भरभराटीत.

इथे गिऱ्हाईक पहिल्यांदा चित्रात येते. कर्ज देताना आम्ही त्याची पत तपासतो. पगाराची स्लिप, जामीनदार, राहता पत्ता. पण जी कंपनी त्याला गाडी विकते, तिची पत कोण तपासतो? गाडी हातात आल्यावर तो एकटाच ती तपासत राहतो, रोज, रस्त्यावर.

शेव्हरोलेच्या मालकांनी काय काय अनुभवले नाही! १९५५ मध्ये कंपनीने लहान आकाराचे आठ सिलिंडरचे इंजिन काढले. एड कोल या अभियंत्याच्या चमूचे हे काम. हलके, स्वस्त आणि दमदार. तोवर जोरदार गाडी ही श्रीमंतांची चैन होती, ती आता कामगाराच्या मुलाला मिळू लागली. तिचे बॉनेट उघडून घरच्या अंगणात दुरुस्ती करता येई. त्या वर्षांतल्या ‘बेल एअर’ अमेरिकेत आजही लोक घरच्या दागिन्यासारख्या जपतात.

मग आली १९६० ची ‘कॉर्व्हेअर’, इंजिन मागे असलेली. वळणावर ही गाडी हाताबाहेर जाते अशा तक्रारी होऊ लागल्या. राल्फ नाडर या तरुण वकिलाने १९६५ मध्ये मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिले आणि त्याचे पहिलेच प्रकरण या गाडीवर होते. कंपनीने काय करावे? नाडरच्या मागे गुप्तहेर लावले! ते उघडकीला आले आणि १९६६ मध्ये जनरल मोटर्सच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा कायदा झाला.

यातून शहाणपण आले असेल असे वाटावे, तर २१ व्या शतकात ‘कोबाल्ट’ निघाली. चावी फिरवायच्या स्विचमधला एक लहानसा भाग कमजोर होता. धक्का बसला किंवा चावीच्या जुडग्याचे ओझे पडले, की चावी आपोआप मागे सरके, इंजिन बंद पडे, आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. कंपनीतल्या काही जणांना हे वर्षानुवर्षे ठाऊक होते. गाड्या परत बोलावल्या त्या २०१४ मध्ये, सुमारे २६ लाख. भरपाईच्या निधीने १२४ मृत्यू मान्य केले, आणि २०१५ मध्ये फौजदारी चौकशी मिटवण्यासाठी कंपनीने ९० कोटी डॉलर भरले. एवढ्याशा भागापायी! बँकेत मी हेच पाहिले आहे. मोठी खाती एका मोठ्या चुकीने क्वचितच बुडतात. कोणीतरी कधीतरी एक छोटी गोष्ट पाहिलेली असते, आणि ती फाइलमध्ये तशीच पडून असते.

मालकांच्या निष्ठेचे दुसरे टोक पाहायचे तर क्यूबात पाहावे. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेने व्यापार तोडला आणि नव्या अमेरिकन गाड्या, सुटे भाग, सगळेच थांबले. तेव्हाच्या शेव्हरोले हवानाच्या रस्त्यांवर मुलाकडे, नातवाकडे वारशाने येत राहिल्या. बॉनेटखाली रशियन इंजिन, कुठे ट्रकचा भाग, कुठे हाताने ठोकून घडवलेला पत्रा. अंगावर नाव मात्र तेच. कंपनीशी कसलाही संबंध न उरता, त्या नावाची पत तिथल्या मेकॅनिकांनी आपल्या हातांनी सांभाळली.

मामांच्या शिवडीचे काय झाले? १९५३ मध्ये सरकारने ठरवले, की देशात गाडी खरोखर बनवायची तयारी असेल त्यांनीच राहावे, नुसती जोडणी चालणार नाही. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. मामा दुसऱ्या कारखान्यात लागले. सरकारविषयी किंवा कंपनीविषयी ते कधी कडवट बोलले नाहीत. फक्त रस्त्यात जुनी शेवरलेट दिसली की उभे राहत आणि ती वळेपर्यंत पाहत.

कंपनी १९९० च्या दशकात परतली, आणि २००३ मध्ये शेव्हरोले हे नाव भारतात पुन्हा आले. २००८ मध्ये तळेगावला नवा कारखाना उघडला. २०१० मध्ये मी स्पार्क घेतली ती खरे तर मामांच्या आठवणीने. नंतर कळले, की तिचा मूळ आराखडा कोरियातल्या देवू कंपनीचा होता. म्हणजे नाव एका स्विस माणसाचे, मालकी अमेरिकन, आराखडा कोरियन. तरी गाडी गुणी निघाली. तिने मला कधी रस्त्यात सोडले नाही.

मी ती घेतली त्याच्या आदल्याच वर्षी, १ जून २००९ रोजी, अमेरिकेत जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तेव्हा सावकार म्हणून सरकार उभे राहिले, सुमारे ५० अब्ज डॉलर घेऊन. १९१० ची तीच गोष्ट, शंभर वर्षांनी. पाँटिअ‍ॅकसारखी जुनी नावे त्यात पुसली गेली. शेव्हरोले वाचली.

भारतात मात्र २०१७ अखेर विक्री थांबली. हमी पाळू, सुटे भाग देत राहू, असे कंपनीने जाहीर केले. तळेगावात २०२० पर्यंत शेव्हरोले बनत राहिल्या, पण परदेशी पाठवण्यासाठी. २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. भाचा तेव्हाच म्हणाला होता, “मामा, विकून टाका, अजून दोन पैसे येतील.” हिशेब म्हणून त्याचे बरोबर होते. मी गल्लीतल्या मेकॅनिककडे गेलो. त्याने हात पुसत म्हटले, “काका, कंपनी गेली, गाडी कुठं गेलीय? आम्ही आहोत ना.”

२०२५ मध्ये गाडीला पंधरा वर्षे झाली आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मी ती आरटीओत नेली. निरीक्षकाने दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, चासीचा नंबर ताडून पाहिला. पाच वर्षांची मुदत वाढवून मिळाली. बाहेर आल्यावर झाडाच्या सावलीत उभा राहून मी खिशातला रुमाल काढला आणि नाकावरची ती सोनेरी खूण पुसली. मामा शिवडीत गाडी बाहेर सोडताना शेवटी हेच करत, असे ते सांगत. आजवर मला तो नुसता कामाचा भाग वाटला होता.